ऐन वेळी उठवलेला वक्ता: मॉर्मन प्रवचनांची घडण

२९ ऑगस्ट १८५२, रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं सॉल्ट लेक सिटीतलं जुनं सभागृह, म्हणजे टॅबरनॅकल, भरलेलं आहे आणि पंथाचे एक पुढारी ऑर्सन प्रॅट बोलायला उभे राहतात. पहिल्याच वाक्यात ते सांगतात, की आज मला बोलायला उठवतील असं वाटलं नव्हतं, आणि या विषयावर तर मुळीच नाही. विषय होता बहुपत्नीत्व. कित्येक वर्षं जी गोष्ट मॉर्मन पुढारी बाहेर उघडपणे मान्य करत नव्हते, ती त्या दिवशी पहिल्यांदा जाहीर झाली. इतकं मोठं काम ज्याच्यावर टाकलं, त्याच्या हातात लिहिलेला कागद नव्हता.

बाहेरच्या वाचकाला हा बेफिकीरपणा वाटतो. मॉर्मन लोकांच्या दृष्टीने मात्र भाषण करण्याची योग्य रीत हीच होती. (मंडळीचं अधिकृत नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून तेच वापरावं असा मंडळीचा आग्रह आहे. इथे इतिहासाबद्दल लिहितोय म्हणून जुना, रुळलेला शब्द ठेवला आहे.)

या रीतीचं मूळ सप्टेंबर १८३२ मधल्या एका प्रकटीकरणात, म्हणजे देवाकडून आला असं मानलेल्या संदेशात आहे. मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ तेव्हा ओहायोतल्या कर्टलंडला होते. प्रचारकांना त्यात सांगितलं आहे, की काय बोलावं याची आधी चिंता करू नका, जीवनाची वचनं मनात सतत साठवत राहा, ज्या घडीला जे हवं ते त्या घडीला दिलं जाईल. यातला पहिला भाग सगळ्यांच्या तोंडी असतो आणि मधला सुटतो. माझ्या मते मॉर्मन वक्तृत्वाबद्दलचे अर्धे गैरसमज इथूनच निघतात. भाषण लिहू नका असं सांगितलं होतं, तयारी करू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रॅट यांच्या डोक्यात बायबलचे उतारे वर्षानुवर्षं मुरलेले होते, गणिताची आवड असल्यामुळे मुद्द्यावर मुद्दा रचायची सवय होती. त्या सकाळी त्यांनी फक्त कोठार उघडलं. ज्यांचं कोठार रिकामं होतं, त्यांची भाषणं जुन्या नोंदींमध्ये ओळखू येतात: तीच चार वचनं, तेच दोन प्रसंग, आणि मग श्रोत्यांना झापणं.

ही मंडळी ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाली. तिच्याकडे पगारी पाळक नव्हते, आणि स्थानिक पातळीवर आजही नाहीत. शेतकरी, सुतार, चांभार उठून बोलत. स्मिथ यांच्यानंतर पुढारी झालेले ब्रिगम यंग स्वतः सुतारकाम करणारे, आणि शाळेत आपण जेमतेम अकरा दिवस गेलो असं ते सांगत. धर्मशास्त्राच्या पाठशाळेत शिकलेला, मुद्देसूद प्रवचन लिहून आणणारा पाळक त्यांना परका होता, म्हणून भाषणातली ओबडधोबड वळणं ही त्यांना खरेपणाची खूण वाटे. अपवाद एकच ठळक होता, सिडनी रिग्डन. ते आधी बाप्टिस्ट प्रचारक होते आणि बोलण्यात तयार होते. ऑक्टोबर १८३३ च्या प्रकटीकरणात त्यांना जोसेफ स्मिथ यांचा प्रवक्ता म्हणूनच नेमलं होतं. ४ जुलै १८३८ ला मिसुरीतल्या फार वेस्ट इथे त्यांनी स्वातंत्र्यदिनाचं भाषण केलं. आमच्यावर पुन्हा जमाव चालून आला तर दोघांपैकी एक बाजू संपेपर्यंत लढू, अशी संहाराची भाषा त्यात होती. हे भाषण नंतर पुस्तिका म्हणून छापलं, आणि खरी चूक तिथे झाली. मैदानात तापलेल्या श्रोत्यांसमोर उच्चारलेलं वाक्य वाऱ्यावर विरून जातं, पण छापलेलं वाक्य शत्रूच्या हातातला पुरावा ठरतं. २७ ऑक्टोबरला गव्हर्नर बॉग्स यांनी मॉर्मन लोकांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा, असा हुकूम काढला आणि त्यात तोच संहाराचा शब्द होता. त्या हुकमामागे कारणं अनेक होती. एकट्या भाषणावर सगळा दोष टाकता येत नाही, पण भाषणाने आगीत तेल ओतलं हे नक्की.

आता आवाजाबद्दल. मिसुरीतून हाकलल्यावर मॉर्मन लोक इलिनॉयमधल्या नॉवूत वसले. तिथे हजारो माणसं झाडीत, उघड्यावर जमत. ध्वनिवर्धक नाही, छप्पर नाही. अशा ठिकाणी वक्त्याचा पहिला शत्रू म्हणजे वारा. वारा वक्त्याच्या पाठीमागून श्रोत्यांकडे जात असेल तर आवाज लांब पोचतो. समोरून येत असेल तर तिसऱ्या-चौथ्या रांगेपलीकडे शब्दांचे शेवट गळून पडतात. ७ एप्रिल १८४४ ला जोसेफ स्मिथ यांनी आपलं सर्वांत गाजलेलं प्रवचन दिलं. विहीर खणताना दगावलेल्या किंग फॉलेट नावाच्या मित्राच्या निमित्ताने ते होतं. आरंभीच त्यांनी लोकांना विनवलं, की माझ्या फुप्फुसांना बळ मिळावं आणि वारा थांबावा अशी प्रार्थना करा. दोन तासांहून जास्त बोलले. दुसऱ्या दिवशी उठून सांगितलं, की कालचा विषय पुढे नेणं आता शक्य नाही, फुप्फुसं थकली आहेत. उघड्यावरच्या वक्तृत्वाला शरीर किती किंमत मोजतं, ते यात दिसतं.

चारच महिन्यांनी, स्मिथ यांच्या हत्येनंतर, ८ ऑगस्टला पुढारी कोण हे ठरवायची सभा भरली. वारा व्यासपीठाकडे वाहत होता. रिग्डन व्यासपीठ सोडून समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या एका गाडीवर चढले, म्हणजे वाऱ्यासोबत आवाज लोकांकडे जाईल. सुमारे दीड तास बोलले. त्यानंतर ब्रिगम यंग मूळ व्यासपीठावरून बोलले आणि सभेचं तोंड पुन्हा तिकडे वळलं. पुढे अनेकांनी आठवणी लिहिल्या, की त्या क्षणी यंग यांच्या तोंडून जोसेफचाच आवाज आला, काहींना तर चेहराही तोच दिसला. यातल्या बहुतेक आठवणी वर्षांनंतर लिहिलेल्या आहेत. त्यांवर श्रद्धा ठेवायची की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न. पण वक्तृत्वाच्या अभ्यासकाने हे विसरू नये, की सवयीच्या जागेवरून आलेला आवाज श्रोत्यांवर काय करतो.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं कसं, हा मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. किंग फॉलेट प्रवचनाची टिपणं चार जणांनी घेतली: थॉमस बुलक, विल्यम क्लेटन, विलार्ड रिचर्ड्स आणि विल्फर्ड वुड्रफ. चौघांनीही साध्या लिपीत, शब्द तोडून तोडून लिहिलं. हिशोब करून पाहा. माणूस मिनिटाला सावकाश १२० शब्द बोलला तरी दोन तासांत १४ हजारांवर शब्द होतात. साध्या लिपीत भरभर लिहिणारा मिनिटाला ३० शब्दांच्या फार पुढे जात नाही. म्हणजे प्रत्येकाच्या वहीत फार तर पाव भाग. कुणाचं वाक्याचं डोकं सापडतं, कुणाचं शेपूट. छापलेलं सलग प्रवचन म्हणजे हे तुकडे जोडून केलेलं काम. जोडणाऱ्याने उभयान्वयी अव्ययं स्वतःची घातलेली असतात, आणि धर्मशास्त्रात एखादा ‘म्हणून’ किंवा ‘परंतु’ फार दूर नेतो.

मग आली लघुलिपी. आयझॅक पिटमन यांनी आपली पद्धत १८३७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडात प्रेस्टनच्या नदीत जॉर्ज डी. वॉट यांचा बाप्तिस्मा झाला. ब्रिटनमधला हा पहिला मॉर्मन. वॉट यांनी पिटमन शिकून घेतली, नॉवूत इतरांना शिकवली आणि पुढे मॉर्मन लोक जिथे वसले त्या युटात (सॉल्ट लेक सिटी तिथलीच) ब्रिगम यंग यांची भाषणं टिपू लागले. १८५४ पासून लिव्हरपूलहून प्रवचनांचं ‘जर्नल ऑफ डिस्कोर्सेस’ निघू लागलं आणि १८८६ पर्यंत त्याचे २६ खंड झाले. लिव्हरपूल का, तर छपाईची सोय तिथे होती आणि १८५० च्या सुमारास ब्रिटनमधले सभासद युटातल्यांहून जास्त होते.

पिटमन लिपीत व्यंजनांसाठी साध्या रेघा असतात. प आणि ब एकच रेघ, फक्त प बारीक आणि ब जाड. त आणि द, क आणि ग यांचंही तसंच. स्वर म्हणजे रेघेशेजारचे ठिपके आणि बारीक खुणा, आणि वेगात त्या गाळल्या जातात. आता डोळ्यासमोर आणा: गुडघ्यावर वही, बोथट झालेली पेन्सिल, समोर दीड तास न थांबता बोलणारा माणूस, मागे रडणारी बाळं. (यंग या बाळांबद्दल भर सभेत तक्रार करत.) जाड-बारीक हा फरक सर्वांत आधी नाहीसा होतो. त्यामुळे लिहिणाऱ्यालाच काही तासांत ते उलगडून साध्या लिपीत उतरवावं लागतं. उशीर झाला की संदर्भ पुसला जातो आणि मग अंदाज सुरू होतो.

वॉट अंदाजावर थांबले नाहीत. अलीकडच्या काळात लाजीन कॅरुथ यांनी वॉट यांच्या मूळ लघुलिपीच्या वह्या वाचून छापील मजकुराशी ताडून पाहिल्या. वॉट यांनी शब्द बदलले होते, वाक्यं गाळली होती, काही जागी स्वतःची भर घातली होती. बोलताना यंग साधे, जवळिकीचे, श्रोत्यांशी थेट बोलणारे. छापील यंग बरेच भरदार आणि दूरचे. म्हणून जर्नलमधलं एखादं धारदार वाक्य उचलून ‘यंग असं म्हणाले’ असं लिहिणाऱ्यांना माझं आग्रहाने सांगणं आहे: आधी ‘टिपणारा कोण’ हे प्रवचनाच्या शीर्षाखाली पाहा, त्या दिवसाची लघुलिपी उपलब्ध आहे का ते पाहा, आणि नसेल तर ‘छापील वृत्तानुसार’ एवढी पुस्ती जोडा. आशय बहुधा टिकतो. शब्दांवर मात्र इमारत उभी करू नये. १८६८ मध्ये मोबदल्यावरून वाद होऊन वॉट यांनी काम सोडलं. पुढच्या खंडांत डेव्हिड एव्हन्स, जॉर्ज गिब्स अशी नावं दिसतात आणि भाषेचा पोतही बदलतो. वक्ता तोच, पण लेखनिक बदलला की माणूस वेगळा वाटायला लागतो.

खुद्द भाषणांत काय असे? सगळं. एकाच प्रवचनात देवाचं स्वरूप, पाटाचं पाणी, टोळधाड, मंदिर दगडाचं बांधावं की कच्च्या विटांचं, आणि शेजाऱ्याची गुरं. वाळवंटात वस्ती करणाऱ्या समाजाचा आठवड्यातून एकदा भरणारा एकमेव मोठा मेळावा तो होता, त्यामुळे धर्म आणि व्यवहार वेगळे काढणं कुणाला सुचलंही नसतं. या मोकळेपणाची काळी बाजूही आहे. १८५६-५७ च्या ‘सुधारणा’ चळवळीत यंग यांचे सल्लागार जेडेडाया ग्रँट आणि इतरांनी पापांची झाडाझडती घेताना रक्ताने प्रायश्चित्त घेण्याची भाषा व्यासपीठावरून केली. सप्टेंबर १८५७ मध्ये माउंटन मेडोज इथे स्थानिक मॉर्मन माणसांनी प्रवासी तांड्यातल्या सुमारे १२० जणांची कत्तल केली. या दोन गोष्टींमध्ये सरळ रेघ ओढणं इतिहासाला धरून होणार नाही. पण त्या काळातल्या प्रवचनांनी हवा किती तापवली होती, हे टाळून मॉर्मन वक्तृत्वाबद्दल लिहिणं अप्रामाणिक ठरेल.

बायकांच्या वक्तृत्वाची हकीकत फार कमी सांगितली जाते. ऑक्टोबर १८४५ मध्ये नॉवूच्या परिषदेत जोसेफ यांच्या आई लूसी मॅक स्मिथ बोलल्या होत्या. १३ जानेवारी १८७० ला सॉल्ट लेकच्या जुन्या टॅबरनॅकलमध्ये हजारो स्त्रिया जमल्या. बहुपत्नीत्वाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये येऊ घातलेल्या, कलम (Cullom) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधेयकाचा निषेध करायला ही सभा होती आणि वार्ताहर सोडून पुरुषांना आत प्रवेश नव्हता. गुलाम समजल्या जाणाऱ्या बायका मुद्देसूद बोलतात, हे वार्ताहरांनी ऐकलं. पुढच्याच महिन्यात युटातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. स्त्रियांच्या पुढारी एलायझा आर. स्नो त्यानंतर गावोगाव बोलत फिरल्या. इतकं असूनही मंडळीच्या सर्वसाधारण परिषदेत, म्हणजे वर्षातून दोनदा भरणाऱ्या मोठ्या सभेत, एका स्त्रीने पहिल्यांदा प्रार्थना म्हटली ती एप्रिल २०१३ मध्ये, हे मला आजही खटकतं.

छपराने काय केलं तेही पाहायला हवं. नवं टॅबरनॅकल ऑक्टोबर १८६७ च्या परिषदेला उघडलं: २५० फूट लांब, १५० फूट रुंद, वर अंडाकृती घुमट आणि मध्ये एकही खांब नाही. हेन्री ग्रो हे पूल बांधणारे. पुलाची जाळीदार कैची त्यांनी छपराला वापरली, लाकडी खुंट्यांनी जोडली आणि तडकलेल्या जागी कच्चं कातडं ओलं करून गुंडाळलं, म्हणजे वाळताना ते आवळून बसतं. बांधकाम देखणं झालं, पण बोलणं ऐकू येईना. घुमटावरून परतणारा आवाज पुढच्या शब्दावर आदळायचा. १८७० मध्ये तिन्ही बाजूंनी सज्जा घातला. त्याने बसायची जागा वाढली आणि रिकामी पोकळी मोडून प्रतिध्वनी कमी झाला. आज मार्गदर्शक व्यासपीठावर टाचणी टाकून तिचा आवाज मागच्या टोकाला ऐकवतात, ते या दुरुस्तीनंतरचं घर आहे.

मायक्रोफोन आणि रेडिओ आल्यावर सगळंच पालटलं. ऑक्टोबर १९२४ पासून सर्वसाधारण परिषद रेडिओवर जाऊ लागली, १९४९ पासून दूरचित्रवाणीवर. दीड तास रमतगमत बोलणारा वक्ता प्रक्षेपणाच्या घड्याळात बसत नाही. लिहून आणणं रूढ झालं. जे. गोल्डन किंबॉल यांच्यासारखे, बोलता बोलता शिवी निसटणारे आणि म्हणूनच लोकांचे लाडके वक्ते त्या साच्यात मावेनात. आज परिषदेतलं भाषण साधारण १० ते १५ मिनिटांचं असतं, मजकूर भाषांतरासाठी आधी द्यावा लागतो आणि वक्ता टेलिप्रॉम्प्टरवरून वाचतो. १८३२ च्या प्रकटीकरणाशी याचा मेळ कसा घालायचा? मंडळीचं उत्तर असं, की प्रेरणा लिहितानाही मिळते. उत्तर पटण्याजोगं आहे, पण सूर सपाट झाला हे खरं. दुसरीकडे, मायक्रोफोननेच एक विलक्षण आवाज शक्य केला. १९५७ मध्ये कर्करोगामुळे स्पेन्सर किंबॉल यांची एक स्वरतंतू पूर्ण आणि दुसरी अर्धी काढली. उरलेल्या घोगऱ्या, जवळजवळ कुजबुजीसारख्या आवाजात ते बोलत राहिले आणि पुढे बारा वर्षं मंडळीचे अध्यक्ष होते. नॉवूच्या झाडीत त्यांचा शब्द पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता.

जुनी परंपरा खरी टिकून आहे ती स्थानिक प्रभुभोजनाच्या सभेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत. जानेवारी २०१९ पासून ही सभा ६० मिनिटांची असते. गीत, प्रार्थना, सूचना आणि प्रभुभोजन यांत साधारण २५ मिनिटं जातात, शेवटच्या गीत-प्रार्थनेला ५. उरलेल्या अर्ध्या तासात बहुधा तीन वक्ते: एक किशोरवयीन ३ ते ५ मिनिटं, दुसरा १०, शेवटचा १५. आठवडा-दोन आठवडे आधी बिशपचा (म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाचा) सल्लागार विषय आणि वेळ कळवतो. बोलणारी परिचारिका असते, गवंडी असतो, बारा वर्षांचा मुलगा असतो. याहून लहान मुलं आपल्या वर्गात बोलतात. बाप शेजारी वाकून कानात चार शब्द सांगतो, लेकरू तेच चार शब्द मायक्रोफोनमध्ये म्हणतं, मग पुढचे चार.

ही भाषणं कुठे बिघडतात ते ठरलेलं आहे. पहिलं, दीड-दोन मिनिटं ‘बिशपांचा फोन आला तेव्हा’ या कहाणीत जातात. दुसरं, शब्दकोशातली व्याख्या. तिसरं आणि सर्वांत मोठं, परिषदेतल्या भाषणांचे लांबच लांब उतारे. १० मिनिटं म्हणजे सुमारे १२०० शब्द. दोनशे शब्दांचे तीन उतारे घेतले की अर्धं भाषण दुसऱ्याचं झालं, आणि ते वाचताना नजर कागदावरून उठत नाही. चालणारा साचा जुनाच आहे: एक वचन, त्याचा आपल्याला लागलेला अर्थ, एक खरा प्रसंग, त्या वचनाने आपण काय वेगळं केलं ते, आणि साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची जाहीर कबुली. साक्षीत ‘मला ठाऊक आहे’ म्हणण्याची प्रथा आहे. ज्याला अजून ठाऊक नाही त्याने ‘माझा विश्वास आहे’ किंवा ‘मला आशा आहे’ म्हणावं. ते जास्त खरं लागतं आणि श्रोत्यांना ते कळतं. शेवटी येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन. सभा आमेन म्हणते. टाळ्या नाहीत.

शेवटच्या वक्त्याची अडचण निराळी. आधीचे दोघे लांबले की त्याच्या १५ मिनिटांची चार उरतात, आणि आधीचे लवकर आटोपले तर २२ होतात. म्हणून अनुभवी लोक भाषण सलग लिहीत नाहीत. एका कार्डावर एक तुकडा, अशी पाच-सहा कार्डं करतात आणि प्रत्येकावर मिनिटं टाकतात. उठण्याआधी भिंतीवरचं घड्याळ पाहून मधली कार्डं खिशात जातात. चारच मिनिटं असतील तर वचनाचं कार्ड, प्रसंगाचं कार्ड आणि साक्ष. बाकीचं पाठ असतं, पण त्या दिवशी बोललं जात नाही.